सात पाण्यांनी धुतलेली कढई

शुक्रवारी आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये करी-भात असायचा. करी आमचीच. जपानीत तिला 'करे रू' म्हणतात. मैदा चरबीत खरपूस भाजायचा, त्यात मसाला, मीठ, साखर घालून साच्यात ओतायचं, थंड झालं की चॉकलेटसारखी वडी पडते. घरी बटाटा, गाजर, कांदा शिजवायचा आणि वडी मोडून टाकायची. जपानमध्ये हा पदार्थ न आवडणारं मूल सापडणं कठीण.

पॅकिंगच्या लाइनवर तेव्हा अकरा इंडोनेशियन मुली होत्या, प्रशिक्षणार्थी व्हिसावर आलेल्या. दिवसभर त्या ही वडी खोक्यांत भरायच्या आणि शुक्रवारी खोलीवरून आणलेला भात, अंडं आणि बाटलीतलं साम्बाल, म्हणजे त्यांच्याकडची मिरचीची चटणी, खायच्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी पोळी-भाजीचा डबा उघडायचे. मी सांगलीची, घरात पिढ्यान् पिढ्या मांस न शिजलेलं. अन्नतंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षणासाठी जपानला आले आणि आइची प्रांतातल्या या मध्यम आकाराच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात लागले. कंपनीची करी आम्ही बाराजणी सोडून सगळे खायचे, आणि याची खंत कुणी बोलून दाखवली नव्हती. आम्हीही नाही.

पाकिटामागे घटकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेलं असायचं, गाय आणि डुकराची मिश्र चरबी. जपानी करीच्या वडीत ती सर्रास असते. जपानमध्ये पाऊल ठेवल्यावर मी पहिली शिकलेली चित्रलिपीतली अक्षरं म्हणजे डुक्कर, गाय, कोंबडी आणि मासा. दुकानात उभी राहून प्रत्येक पाकीट उलटं करून वाचायची सवय लागली होती. पुढे जे काम माझ्याकडे आलं ते या सवयीमुळे आलं. धर्माशी माझा तसा काही संबंध नव्हता.

२०१५ च्या मार्चमध्ये चिबातल्या माकुहारी मेस्सेला फूडेक्स हे खाद्यपदार्थांचं प्रदर्शन होतं. त्याच्या दीड-दोन वर्षं आधी, २०१३ च्या जुलैत, जपानने मलेशियन पर्यटकांना व्हिसाची अट काढून टाकली होती, ऑलिंपिक टोकियोला मिळालं होतं, आणि 'हलाल' हा शब्द व्यापारी बैठकांतून ऐकू येऊ लागला होता. आमच्या स्टॉलवर क्वालालंपूरचे एक वितरक आले. आमच्या विक्रीप्रमुखांनी त्यांच्या हातात 'भाज्यांची करी' दिली आणि अभिमानाने सांगितलं, यात मांसाचा तुकडाही नाही. त्या गृहस्थांनी पाकीट उलटं केलं आणि माझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, "दुसरा घटक काय आहे?" मी वाचून सांगितलं. त्यांनी पाकीट अगदी हळूच टेबलावर ठेवलं, रुमालाने बोटं पुसली, आभार मानले आणि निघून गेले. विक्रीप्रमुखांना काय बिघडलं ते कळेना. परतीच्या शिन्कान्सेनमध्ये मी त्यांना ते समजावत होते, आणि सोमवारी कोजोचोंनी, म्हणजे कारखानाप्रमुखांनी, मला बोलावलं. "तुम्हाला यातलं कळतं असं दिसतं. तुम्हीच बघा."

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. माझी पहिली समजूत अशी की डुकराची चरबी काढून पाम तेल घातलं की काम झालं. कोजोचोंची समजूत त्याहून सोपी होती. डुक्कर काढा, गाय राहू द्या. पण गाय, कोंबडी हे प्राणी हलाल असले तरी त्यांची कत्तल त्या पद्धतीने झालेली असावी लागते, आणि आमची गाईची चरबी कुठल्या कत्तलखान्यातून कशी आली हे सांगणारा कागद जगात कुठेच नव्हता. म्हणजे गाय गेली. कोंबडीचा अर्क गेला. चीज पावडर अडकली, कारण दूध नासवायला वापरलेलं रेनेट वासराच्या पोटातलं की बुरशीपासून केलेलं हे पुरवठादाराला माहीत नव्हतं. सोया सॉसची भुकटी अडकली.

मग मी सगळ्या घटकांची यादी घेऊन बसले. पाकिटावर तेवीस नावं होती. त्यांतली अनेक नावं म्हणजे बंद डबे. जपानी लेबलिंगच्या नियमांत 'इमल्सिफायर' (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) किंवा 'सुवास' असं समूहनाव लिहिलं तरी चालतं, तो कशापासून केला हे सांगायची सक्ती नाही. प्रक्रियेपुरता वापरलेला आणि शेवटी न उरणारा पदार्थ तर लिहावाच लागत नाही. सामान्य ग्राहकासाठी एवढं पुरतं. हलालला पुरत नाही, कारण तिथे पदार्थाचं कूळ विचारतात. इमल्सिफायर म्हणजे बहुधा ग्लिसरीन आणि स्निग्धाम्ल जोडून केलेलं रसायन, आणि ते ग्लिसरीन पाम तेलाचंही असू शकतं, डुकराचंही. प्रयोगशाळेत बाटली बघून ते ओळखू येत नाही. ते फक्त करणाऱ्याला माहीत असतं, आणि त्यालाही पुष्कळदा नसतं.

पुरवठादारांना पाठवायची एक प्रश्नावली मी केली. जपानी कारखान्यांत प्रत्येक कच्च्या मालाचं 'किकाकुशो' असतं, मालाची जन्मपत्रिकाच म्हणा. त्याला जोडून माझे प्रश्न. मूळ स्रोत वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव की कृत्रिम? प्राणी असल्यास कोणता? सूक्ष्मजीव असल्यास कोणत्या खाद्यावर वाढवले? त्याच यंत्रावर दुसरं काय बनतं? उत्तरं यायला लागली तेव्हा निम्म्यांवर एकच वाक्य होतं, 'व्यावसायिक गुपित असल्याने कळवता येत नाही.' एका पुरवठादाराने फोन करून विचारलं, "आमच्या मालात काही दोष निघाला आहे का?" तीस वर्षं माल घेणाऱ्याने अचानक खाणाखुणा विचाराव्यात यात त्यांना अविश्वासाचा वास आला. जपानमध्ये हे लहानसहान नाही. मग मी पत्रं पाठवणं थांबवून स्वतः जायला लागले. नागोयाजवळच्या एका यीस्ट अर्काच्या कारखान्यात तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथल्या वयस्क तंत्रज्ञांनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "खरं सांगू? गुपित असं नाही. आम्हालाच ठाऊक नाही." मला तेव्हा फार बरं वाटलं. माहीत नाही म्हणणाऱ्या माणसाबरोबर शोध घेता येतो.

सूक्ष्मजीवांच्या खाद्याचा प्रश्न ऐकून लोक हसायचे. त्यांना मी इंडोनेशियातली घटना सांगायचे. २००० साल संपताना तिथल्या उलेमा परिषदेने आजिनोमोतोच्या तिथल्या कंपनीची चवपूड हलाल नसल्याचं जाहीर केलं. त्या पुडीत डुकराचा अंश नव्हता. पूड बनवणाऱ्या जिवाणूंचं वाण जतन करायला जे खाद्य होतं, त्यातल्या सोयाच्या एका घटकाच्या निर्मितीत डुकरापासूनचं विकर, म्हणजे एन्झाइम, वापरलेलं होतं. बाजारातला माल परत मागवावा लागला, आणि कंपनीने तो घटक बदलला. जपानच्या अन्नउद्योगाला 'हलाल' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला असं जुने लोक सांगतात. इंडोनेशियात ही जाण त्याहून जुनी होती. १९८८ साली डुकराच्या चरबीच्या अफवेने तिथला खाद्यबाजार हादरला आणि पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, उलेमा परिषदेने तपासणीसाठी स्वतंत्र संस्था काढली. २०१४ मध्ये तर कायदाच झाला.

हळद आमची सांगलीहून यायची, व्यापाऱ्यामार्फत. योगायोग असा की त्या बाजारपेठेत माझे मामा हयातभर हळदीच्या अडतीत काम करत आलेत. त्यांना फोन लावला. "अगं, हळदीत कसलं आलंय डुक्कर!" ते म्हणाले. मी विचारलं, "मामा, पॉलिश करताना कांड्यांना काय लावता?" "हळदीचीच पूड, पाण्यात कालवून." "आणि बारदान? नवं की जुनं?" पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "ते विचारावं लागेल." जुन्या बारदानात आधी काय भरलेलं होतं हे कुणी लिहून ठेवत नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, तुमच्या मालाला नवंच बारदान वापरायला सांगितलंय, पण पोत्यामागे थोडे पैसे वाढतील. वाढू देत, म्हटलं. मामांना हलालबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. पण 'पाहुण्याच्या पानात काय पडतंय ते आपल्याला माहीत पाहिजे' ही भाषा त्यांना लगेच कळली.

या कामात मला सारखी आजीची आठवण यायची. तिचं सोवळं कडक होतं. वेगळी भांडी, वेगळं पाणी, वेगळी जागा. त्यामुळे भांडं वेगळं ठेवणं म्हणजे काय, एक चमचा चुकून इकडचा तिकडे गेला तर काय होतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण ते सोवळं माणसांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हेही मी लहानपणी पाहिलं आहे आणि त्याची मला लाज वाटते. इथे तेच कष्ट मी उलट्या कामाला लावत होते, जी माणसं टेबलापासून लांब बसली होती त्यांना टेबलावर आणायला. हा फरक माझ्यासाठी मोठा होता.

प्रमाणपत्र कुणाकडून घ्यायचं हा पुढचा गुंता. मलेशियात सरकारी खातं आहे, जाकिम. जपानमध्ये सरकार यात पडत नाही, कारण राज्यघटनेच्या २० व्या कलमाने राज्य आणि धर्म वेगळे ठेवले आहेत. कृषी मंत्रालय निर्यातीला मदत करेल, पण हे हलाल आहे असा शिक्का मारणार नाही. त्यामुळे खासगी आणि धार्मिक संस्था हे काम करतात. त्या बऱ्याच आहेत, आणि प्रत्येकीला मान्यता देणारे देश वेगळे. एकीचं प्रमाणपत्र मलेशियात चालतं, दुसरीचं आखाती देशांत, तिसरीचं फक्त जपानमधल्या हॉटेलांपुरतं. आमच्यासारखे नवखे कारखाने सगळ्यात स्वस्त संस्था निवडतात आणि माल बंदरावर अडकला की रडतात. आम्ही आधी माल कुठे जाणार ते ठरवलं, मलेशिया, मग त्या देशाच्या मान्यता-यादीत बघून संस्था निवडली. हा एक निर्णय आम्ही पहिल्याच फटक्यात बरोबर घेतला.

मद्यार्काचा प्रश्न मला सर्वात अवघड गेला. जपानी स्वयंपाकात मिरिन आणि साके पाण्यासारखे वापरतात. ते काढणं सोपं, कारण ते मद्यच. पण सोया सॉस आंबवतानाच त्यात दोन-तीन टक्के मद्यार्क आपोआप तयार होतो, शिवाय टिकावा म्हणून अनेक कंपन्या वरून थोडा घालतात. आपोआप झालेला आणि वरून घातलेला यांत संस्थेने फरक केला, आणि वरून न घातलेला सॉस आम्हाला शोधावा लागला. सुवासाच्या बाटलीत मद्यार्क हा द्रावक होता, तिथे प्रोपिलिन ग्लायकॉलवाला पर्याय घेतला. आणि हात निर्जंतुक करायचा फवारा? जपानी कारखान्यात तो दर दहा पावलांवर असतो. इथे मात्र, तो मद्यनिर्मितीतून आलेला नसेल तर चालेल असं उत्तर मिळालं, स्रोताच्या कागदासह. देशोदेशीची मतं यात सारखी नाहीत. मी मुसलमान नाही, धर्मशास्त्राची जाणकार नाही, त्यामुळे 'हे चालेल' असं ठरवण्याचा अधिकार मी एकदाही स्वतःकडे घेतला नाही. आपलं काम माहिती उघडी मांडण्याचं, निर्णय त्यांचा.

पण कारखान्यात रोज कुणीतरी जाणतं माणूस हवंच होतं. मी पॅकिंगवरच्या मुलींकडे गेले. त्यांच्यातली एक, मध्य जावाची, अन्नप्रक्रियेचा शाळेतला व्यावसायिक अभ्यासक्रम शिकलेली होती. ती मला 'कक' म्हणायची. त्यांच्याकडे ताईलाही कक आणि दादालाही ककच. अंतर्गत हलाल समितीत तिला घ्यायचं मी सुचवलं तेव्हा एक वरिष्ठ म्हणाले, "प्रशिक्षणार्थी मुलगी विभागप्रमुखांच्या बैठकीत?" कोजोचोंनी एवढंच विचारलं, "आपल्यापैकी दुसऱ्या कुणाला हे येतं का?" ती बैठकीत आली. पहिल्या बैठकीत ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या बैठकीआधी ती मला बेकिंग विभागात घेऊन गेली आणि साच्यांना तेल लावायचा ब्रश माझ्या हातात दिला. दांड्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, डुकराचे केस. मी वर्षभर कागद तपासत होते आणि हा ब्रश माझ्या डोळ्यांसमोरच होता. त्याच दिवशी सगळे ब्रश नायलॉनचे झाले.

२०१६ च्या वसंतात प्रश्न यंत्रांवर आला. आमच्याकडे भाजणीच्या तीन मोठ्या कढया आहेत, वाफेवर तापणाऱ्या, आत फिरतं खुरपं असलेल्या. तिन्हींत वर्षानुवर्षं डुकराची चरबी शिजलेली. अशी लाइन हलाल करायची तर ती विधिपूर्वक सात वेळा धुवावी लागते, त्यातली एक धुणी माती कालवलेल्या पाण्याची. आणि एकदा अशी बदललेली लाइन पुन्हा डुकराकडे नेऊन परत हलाल करणं, असं ये-जा मलेशियन मानकाला चालत नाही. म्हणजे एक कढई कायमची द्यावी लागणार. विक्रीविभागाला हे पटेना. तिसऱ्या कढईवर आमची १९७० च्या दशकापासूनची एक तिखट करी व्हायची, प्रांतातल्या जुन्या गिऱ्हाइकांची लाडकी. ती दोन कढयांत बसवायची तर उत्पादन घटणार. तीन बैठका झाल्या. शेवटच्या बैठकीत मी आकडे मांडले नाहीत. एवढंच सांगितलं की जगात आपला पदार्थ न खाणारी जी माणसं आहेत त्यांतली अकरा आपल्याच छताखाली आहेत, आणि ती तो रोज हाताळतात. कोजोचो बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तिसरी कढई."

धुण्यासाठी ओबोनची सुट्टी निवडली, ऑगस्टचा मध्य, आपल्या पितृपक्षासारखे जपानी लोकांचे पूर्वजांचे दिवस, कारखाना बंद असतो. धुण्याआधीचं काम मोठं होतं. चरबीचा पापुद्रा राहिला तर सात काय सत्तर वेळा धुऊन उपयोग नाही. कॉस्टिक सोड्याने उकळून कढई घासली, खुरप्याच्या पात्या काढल्या, रबरी गॅस्केट आणि पाइपांची अस्तरं फेकून नवी घातली, कारण रबर चरबी पितं. वाहकपट्टा नवा. तरी माती या शब्दाने आमचे सफाईप्रमुख बेचैन होते. त्यांनी आयुष्यभर कारखान्यात धुळीचा कणही येऊ दिला नव्हता, आणि आता मी त्यांना स्टीलच्या कढईत माती ओतायला सांगत होते. त्यांचा आक्षेप मला चुकीचा वाटत नव्हता. म्हणून आम्ही स्वच्छ, बारीक चाळलेली माती घेतली, तिचे सूक्ष्मजीव तपासले, भट्टीत तापवली, आणि संस्थेची परवानगी घेतली.

त्या दिवशी संस्थेचे दोन जण देखरेखीला आले. पहिली धुणी मातीच्या पाण्याची. गढूळ, फिक्या चॉकलेटी रंगाचं पाणी कढईच्या कडांवरून, खुरप्यावरून, पाइपांतून फिरलं. मग सहा वेळा साधं पाणी. प्रत्येक फेरीला पाणी सगळीकडे पोचलं का ते टॉर्च लावून बघायचं आणि मोठ्याने आकडा म्हणायचा. सफाईप्रमुख जपानीत मोजत होते, जावाची मुलगी ओठांतल्या ओठांत तिच्या भाषेत. सातव्या वेळी पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरलं, नितळ होतं. सफाईप्रमुखांनी कढईकडे बघून कमरेत वाकून नमस्कार केला. ते यंत्रांना नेहमीच करतात, सुट्टीआधी. मला मात्र त्या क्षणी रडू आलं. मग आम्ही अठरा जागांचे स्वॅब घेतले आणि डुकराच्या डीएनएच्या तपासणीला पाठवले. सगळे निर्दोष आले. ही तपासणी आवश्यक आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये. शुद्ध केलेल्या तेलात, रसायनात डीएनए उरतच नाही. तिथे कागद आणि माणसाचा शब्दच कामाला येतो.

आणि चव? चरबी गेली तशी चव गेली. पाम तेलाच्या वडीला पांढरट थर यायचा, आणि जिभेवर ती 'खोल' भावना यायचीच नाही, जिला जपानी लोक कोकु म्हणतात. चाळीसच्या वर चाचण्या झाल्या. मोनो-डायग्लिसराइड या इमल्सिफायरचं प्रमाण, थंड करण्याचा वेग, वितळबिंदूप्रमाणे पाम तेलाचे वेगवेगळे भाग मिसळणं, यांनी थर गेला. खोली येईना. एका रविवारी मी घरी मटकीची उसळ करत होते. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईतो भाजलं, वाटलं, आणि वाटण तेलात पडताच जो वास सुटला त्याने मी तशीच थांबले. आमच्या भागात मांसाशिवाय मांसाची खोली आणायची हीच रीत. सोमवारी भाजलेल्या कांद्याचा गर आणि भाजलेल्या खोबऱ्याची पूड चाचणीत आली. खोबऱ्याच्या दुधाची भुकटी टाळली, तिच्यात बहुधा दुधातल्या प्रथिनापासूनचं केसिनेट असतं आणि पुन्हा एक कूळ शोधावं लागलं असतं. त्र्याहत्तर वर्षांचे आमचे निवृत्त चवतज्ज्ञ मुद्दाम चाखायला आले. दोन चमचे खाल्ले, तिसरा घेतला, म्हणाले, "आपल्या करीपेक्षा वेगळी आहे. पण ही करी आहे."

नोव्हेंबरात ऑडिट झालं. दोन तपासनीस, एक धर्मशास्त्राचे, एक अन्नतंत्राचे. मला वाटलं होतं कढईपाशी वेळ जाईल. त्यांनी कढई दहा मिनिटांत पाहिली आणि गोदामात दोन तास घालवले. हलाल मालाच्या रॅकवर वरच्या फळीवर दुसरा माल होता, पोतं फाटलं तर खाली सांडेल. लाकडी पॅलेट दोन्हीकडे फिरत होते. कामगारांच्या कपाटांत जेवणाचे डबे होते आणि त्यांत अर्थातच हॅम. तीन त्रुटी लिहून दिल्या. आम्ही रॅक उलटवला, हिरव्या रंगाचे प्लास्टिक पॅलेट आणले, डब्यांची जागा इमारतीबाहेर नेली. डब्यांवरून कुरकुर झाली. सफाईप्रमुखांनी ती थांबवली, "माती मी ओतली, तुम्ही डबा बाहेर ठेवा." २०१७ च्या फेब्रुवारीत प्रमाणपत्र आलं.

मलेशियाचा पहिला कंटेनर त्या उन्हाळ्यात गेला. तो आनंद होताच. पण मला जास्त सांगायचंय ते दुसरंच. आमच्या गावात, आसपासच्या वाहनउद्योगाच्या पट्ट्यात, मुसलमान कुटुंबं पुष्कळ आहेत, पाकिस्तानी, बांगलादेशी, इंडोनेशियन. शाळेच्या जेवणाचं महिन्याचं पत्रक घरी येतं तेव्हा त्यांच्या घरच्या आया ते भिंतीला लावतात आणि त्या दिवशी शाळेत जे असेल तसंच दिसणारं घरी करून डब्यात देतात, मूल वेगळं दिसू नये म्हणून. करीच्या दिवशी त्यांची फार पंचाईत व्हायची, कारण तशी दिसणारी, तशी लागणारी करी घरी जमत नाही. एका पाळणाघराच्या बाईंनी चौकशी केली, तुमची वडी सगळ्याच मुलांना वाढली तर चालेल का? सगळ्यांना एकच पातेलं. आम्ही एक किलोचं पाकीट खास त्यांच्यासाठी काढलं. नफा त्यात नगण्य होता.

२०२० मध्ये सीमा बंद झाल्या. पर्यटकांच्या भरवशावर हलाल पाट्या लावलेली कितीतरी हॉटेलं तेव्हा मिटली. बंदरांचं वेळापत्रकही कोलमडलं. त्या दोन वर्षांत तिसरी कढई चालू राहिली ती पाळणाघरं, नागोयातली लहान हलाल दुकानं आणि कारखान्यांची कँटीनं यांच्यावर. जपानमधल्या हलाल उद्योगावर बोलताना लोक अजूनही आधी पर्यटकांची संख्या सांगतात. माझं ठाम मत आहे की आधी शेजारी मोजावेत. ते इथेच राहतात, कर भरतात, त्यांची मुलं इथल्या शाळेत जातात.

आमच्या कँटीनमध्ये शुक्रवारी आता दोनच पातेली असतात, जुनी तिखट करी आणि तिसऱ्या कढईची. दुसरीपुढची रांग बहुधा लांब असते. जावाची ती मुलगी तीन वर्षं पूर्ण करून परत गेली आणि २०१९ मध्ये नवा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू झाल्यावर पुन्हा आली, आता हलाल विभागाची पर्यवेक्षक म्हणून. विभागप्रमुखांच्या बैठकीत ती आता पहिली बोलते. दरवर्षीच्या तपासणीची सगळी कागदपत्रं तिच्याकडे असतात.

२०२४ च्या शरद ऋतूत, इंडोनेशियात खाद्यपदार्थांसाठी हलाल सक्तीचा पहिला टप्पा लागू झाला त्याच सुमारास, एक फोन आला. तोच यीस्ट अर्काचा कारखाना, तेच वयस्क तंत्रज्ञ, आता निवृत्तीला आलेले. म्हणाले, "पुढच्या तिमाहीपासून आम्ही यीस्टच्या खाद्यातला एक घटक बदलतोय. नवा घटक उसाच्या मळीचा आहे, कागद मागवलेत, पण शेवटच्या एका विकराचं उत्तर अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत तुमचा माल जुन्याच पद्धतीने करतो. आधी कळवावं म्हटलं." मी काहीच विचारलेलं नव्हतं. मी त्यांचे आभार मानले, तारीख आणि वेळ वहीत टिपली, आणि वही तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिने वाचलं, त्या विकराच्या नावाखाली रेघ मारली आणि फोन उचलला.